दाखवायचं शेत

खडा बारीक होता, तांदळाच्याच रंगाचा, आणि सुपाच्या कडेला दोन दाण्यांच्या मधोमध असा काही साळसूदपणे बसला होता की तोही ओंबीतूनच आला असावा — सोजराबाईने नखाने त्याला अलग ओढलं, चिमटीत धरलं, आणि टाकायचं सोडून ती त्याच्याकडे पाहतच राहिली. ओळखीचा होता तो. वरच्या खाचरातला. असले तिने पाट्याच्या पाट्या वाहिले होते, दगडी बांधाच्या, तालीच्या मागे ठासले होते, आणि त्यातला हा एक चुकार मळणीत सापडून, कांडपातून वाचून, आज थेट सुपात येऊन बसला होता... याला म्हणावं तरी काय. तिने तो चुलीमागे भिरकावला आणि सूप पुन्हा हलवायला घेतलं.

तांदूळ मात्र देखणा होता. आखूड, गोलसर, हाताला गार लागणारा. आणि हा तांदूळ आज सरकारी साहेब खाणार होता. पोटभर खाणार, हात धुणार, ओट्यावर बसून पिशवीतून कागद काढणार, आणि हा तांदूळ पिकलाच नाही असं लिहिलेल्या त्या कागदावर ज्या बाईने तो पिकवला, कांडला, निवडला आणि शिजवून वाढला तिचाच अंगठा घेणार — हे सगळं दुपारपर्यंत उरकायचं होतं, कारण साहेबाला दिवस मावळायच्या आत वेल्ह्याला पोचायचं होतं. हरिबाने सकाळीच बजावलं होतं, 'आगं, तांबडा जाडा तांदूळ शिजव, पिशवीतला.' ती हूं म्हणाली होती आणि कणगीत हात घालून हाच काढला होता. का काढला ते तिचं तिलाच नीटसं सांगता आलं नसतं. पण जाडा तांदूळ आज तिच्या हातून शिजला नसता, एवढं खरं.

हरिबा म्हणजे तिचा नवरा. माणूस वाईट नाही. हे ती स्वतःला दिवसातून कितीदा सांगे, आणि ज्या दिवशी जास्त सांगावं लागे त्या दिवशी भाकरी करपत.

दवंडी आली तेव्हा तिकडे कुठे लढाई चालू होती, शहरात माणसं दाण्याला महाग झाली होती, म्हणून सरकारची नजर कधी नव्हे ती डोंगराकडे वळली. पड उतारावर जो कोणी दगडाची ताल रचून खाचर काढील आणि भात लावील, त्याला सरकार पैसे देणार. कर्ज नव्हे, फेडायचे नव्हेत — निम्मे काम धरताना, निम्मे पीक उभं राहिलेलं साहेबाने डोळ्यांनी पाहिल्यावर. वाडीने ऐकलं आणि वाडी हसली. पासली गावाच्या वर, घाटमाथ्याला चिकटून बसलेली ही एवढीशी वाडी, तिने सरकारला आजवर न्यायला आलेलं पाहिलं होतं. द्यायला आलेलं सरकार कोणाला ओळखूही आलं नसतं. आणि तसंच झालं, पण ते पुढे.

पहिलं नाव सोजराबाईने दिलं. वरचा उतार तिचा होता — तिचा म्हणजे खरोखरच तिचा, तिच्या बापाचा, ज्ञानूचा. ज्ञानूला मुलगा नव्हता. तो गेला आणि तो उतार, त्यावरचे दगड, घाणेरीची झुडपं, चार-पाच वर्षांतून एकदा येणारी मूठभर नाचणी, असं सगळं लेकीच्या नावावर लागलं. 'काय करनार तितं, दगडं खानार?' म्हणून हरिबाही तेव्हा हसला होता. पण हसून झाल्यावर पहार त्यानेच उचलली — हे विसरून चालणार नाही, हेही खरंच आहे. तो मोठे दगड उकरायचा, ती पाटीने बारीक वाहायची. तो समोरचा थर रचायचा, ती मागून ठासायची. माती तर सगळी तिनेच आणली, खालच्या ओघळीतून, डोक्यावरून, इतक्या खेपा की मान आखडून रात्री कूस बदलता येत नव्हती. पहिल्या पावसाळ्यात ताल मधोमध फुगली आणि एका रात्रीत बसली. सकाळी दोघंही त्या ढिगापाशी उभे राहिले. तिला वाटलं, आता हा म्हणेल, झालं समाधान? पण नाही. धोतर खोचून त्याने खालचा पहिला दगड पुन्हा उचलला. त्या सकाळइतका तो तिला कधी आवडला नव्हता... आणि तोच माणूस. तोच.

पुढल्या साली भात उभं राहिलं. वाकलं ते पाण्याने नव्हे, भाराने. कार्तिकात साहेब पाहायला येणार असा सांगावा आला तेव्हा ती पहाटे उठून वर गेली, तालीवरचं गवत काढलं, पाण्याची मोरी साफ केली, हातपाय धुतले आणि बांधावर बसली. ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होती. लाजण्यासारखं त्यात काय होतं? साहेब येईल, पाहील, काही बोलेलही... 'हे कोणी केलं?' असं विचारील. मग मी काय सांगायचं — आम्ही दोघांनी, असंच सांगायचं, तेच खरं. पण विचारायला हवं ना कोणी. ऊन डोक्यावर आलं, उतरलं, सह्याद्रीच्या कड्यामागे गेलं. कोणी आलं नाही. ती खाली उतरली तर जांभळीखाली बापे बसून हसत होते.

त्या जांभळीखालचं सांगायला हवं. वाडीत एक शेत होतं जे पिकवायचं नव्हतं, दाखवायचं होतं. वेल्ह्याकडची वाट पासली सोडून चढते आणि घाम काढून वाडीत शिरते, नेमकी तिथेच, झाडाच्या सावलीसमोर. पूर्वी आणेवारी ठरवायला साहेब यायचा — पीक रुपयात किती आणे आलं ते तो सांगणार, आणे थोडे निघाले तर शेतसारा माफ. असा साहेब धापा टाकत वर आला की त्याला जांभळीखाली बसवायचं, गूळ द्यायचा, पाणी द्यायचं, आणि समोर हे शेत. राहिलेलं, किडकं बी इथे पडायचं, तेही मुद्दाम उशिरा. शेणाची पाटी कधी नाही. सगळी वाडी त्याला सायबाचं शेत म्हणायची आणि त्याची निगा — म्हणजे त्याला बिघडवून ठेवायची निगा — हरिबाच्या घराकडे होती. तो मान होता. साहेबाला वाट दाखवायची, शेताच्या काठाशी न्यायचं, एक ओंबी तोडायची, तळहातावर चोळायची, हलकेच फुंकायची, आणि उरलेला रिकामा तळहात साहेबापुढे धरायचा. बोलायचं काही नाही. एका वाईट साली, पाऊस खरंच पळाला होता तेव्हा, हरिबाच्या बापाने हा असा हात धरला आणि सारा सुटला. वाडी जगली. ती गोष्ट सांगताना अजूनही म्हातारी माणसं आपलाच तळहात पुढे धरतात, आणि सोजराबाईलाही कळत होतं — ते खोटं नव्हतं. ती ढाल होती. तिच्या सासऱ्याने ती धरली म्हणून हरिबा जगला, म्हणून माझं लग्न झालं.

पण हा साहेब आणे कमी करायला आलाच नव्हता! तो पीक पाहून पैसे द्यायला आला होता. आणि हरिबाने काय केलं — साहेब धापा टाकत वर आला, जांभळीखाली टेकला, गूळ खाल्ला, पाणी प्याला, 'चला दाखवा' म्हणाला... आणि हरिबाचे पाय आपोआप त्या शेताकडे वळले. त्याने ओंबी तोडली. चोळली. फुंकली. तळहात पुढे केला. बाकीचे बापे माना खाली घालून उभे राहिले, अगदी रीतीप्रमाणे. साहेबाने मान हलवली, लिहिलं, उतरला. वळणाआड गेल्यावर सगळे नेहमीसारखे हसले. हसणं ओसरल्यावर, कोणाच्या तरी डोक्यात उजेड पडला म्हणे, आणि मग बराच वेळ कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

असं आहे. चूक झाली म्हणावं, हसावं, डोक्याला हात लावावा आणि दुसऱ्या दिवशी वेल्ह्याला जाऊन साहेबाला सांगावं — इतकं सोपं होतं. पण चूक कबूल करायला वाडीला मोठी अडचण होती, सायबाच्या शेताचं बिंग फुटलं असतं; आणि ती अडचण हरिबाच्या चुलतभावाने, कुंडलिकने, दोन दिवसांत अक्कल करून टाकली. लेव्ही लागली होती ना. ज्याचं भात पिकलं त्याने ठरलेल्या भावाने सरकारला घालायचं. 'मंग बरंच झालं की,' कुंडलिक म्हणाला, 'पिकलंच न्हाई म्हटल्यावर लेवी कशाची?' बस्स. आठवडाभरात जो तो सांगू लागला की हरिबाने मुद्दामच केलं, काय डोकं आहे, बापावर गेलाय. आणि हरिबानेही हळूहळू ते मानलं. तिच्यासमोरसुद्धा. अंथरुणावर पडल्या पडल्या, अंधारात, 'म्या इचार करूनच...' असं म्हणाला. तिने पाठ फिरवली. तिला चुकीचा राग नव्हता, देवाशपथ नव्हता. पाय वळले तर वळले, पायांना सवय असते. तिला राग होता तो त्या 'इचार करूनच'चा.

तांदूळ वैरून तिने झाकण ठेवलं तेव्हा ओट्यावर खाकरल्याचा आवाज आला. कुंडलिक. वाडीत चार माणसं ज्याचं ऐकतात असा, आणि उतारावर तिच्या शेजारी खाचर काढणाऱ्या दोघांपैकी एक — दुसरा सावळा.

"वैनी, सायेब जांबळीखाली टेकल्यात. येत्याल इतक्यात," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "म्हनलं आदी तुमच्या कानावर घालावं."

"घाला."

"काय न्हाई. अंगठा द्यायचा आन गप ऱ्हायचं. सावळानं दिला, म्या बी दिला. तुमचा तेवडा ऱ्हायलाय."

"माजं खाचर पिकलंय, भावजी."

"माजं बी पिकलंय की. कोन न्हाई म्हनतंय?" तो इतक्या सरळपणे म्हणाला की तिला हसू येता येता राहिलं. "पन त्ये आपल्यात. सरकारात कशाला? तुमी पिकलं म्हनाला की लेवीवालं तुमच्या कनगीत हात घालनार. मंग माज्या घालनार. उतार येक, पानी येक. तुमचं पिकलं न् आमचं न्हाई, ह्ये कोन मानंल?"

तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. तो आवाज उतरवून म्हणाला, "वाडीत ऱ्हायचंय आपल्याला, वैनी." मग त्याच्या पायताणांचा आवाज जांभळीकडे गेला.

खोटं नव्हता बोलत. हेच तर झालं होतं — या सगळ्यात खोटं असं कोणी बोलतच नव्हतं, प्रत्येकाचं काहीतरी बरोबर होतं आणि सगळ्यांचं बरोबर मिळून तिचं खाचर नाहीसं होत होतं. लेव्ही यायचीच. तिच्या पोटातून भात जायचं, सावळाच्या पोरांच्या ताटातून जायचं, ठरल्या भावाने, म्हणजे जवळजवळ फुकट. तिला का ते कळत नव्हतं? दुसऱ्या हप्त्याचे पैसे आले तर खालची ताल होईल, अजून एक पायरी, तिथे आताच पाणी झिरपतं — हे ती महिनोन् महिने मनात मांडत होती, पण पैशांसाठी वाडी तोडावी एवढी काही ती हावरी नव्हती. नाही. पैसे नव्हेत. आपल्यात, म्हणे. आपल्यात पिकलं. आपल्यात म्हणजे कोणाच्यात? मळणीच्या दिवशी भागूबाई शेजारीण रास पाहून काय म्हणाली — 'हरिबाच्या खाचरानं नाव काढलं गं!' आणि मी मान हलवली. हरिबाचं खाचर. वाडीत सगळ्यांच्या तोंडी तेच. उतार बापाचा, माती माझ्या मानेवरून आलेली, आणि नाव हरिबाचं. त्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही तेव्हा वाटलं नाही... सबंध दुनियेत ते खाचर सोजरा ज्ञानूची लेक हिचं म्हणून एकाच ठिकाणी मांडलेलं होतं. सरकारच्या त्या कागदावर. आणि तिथे लिहायचं होतं की काम फसलं. तेही मीच सांगायचं, माझ्या अंगठ्याने.

भाताला उकळी आली. तिने झाकण कलतं केलं. वासाने सगळं घर भरलं आणि तिला एकाएकी रडू आलं — धुराचं म्हणावं तर चूल लख्ख पेटलेली. पदराने डोळे पुसून तिने वांग्याची भाजी उतरवली.

साहेब आला. मागच्या खेपेला तिने त्याला पाहिलंच नव्हतं. तिच्या मनात तो कसा कोण जाणे पांढऱ्या मिशांचा होता. हा तर तिच्या धाकट्या दिराच्या वयाचा निघाला, उन्हाने रापलेला, एका टाचेवर जपून पाय टाकणारा. बूट चावत असावा. बारामतीकडचा, शेतकऱ्याच्याच घरचा, जेवायला अडचण नाही, असं हरिबाने आधीच विचारून ठेवलं होतं. पट्टेवाला ओट्यावर बसला. आत साहेब, हरिबा आणि कुंडलिक अशी पानं मांडली. ती वाढत होती, पदर पुढे ओढून, आणि मनात सकाळपासून जुळवलेली वाक्यं पुन्हा पुन्हा लावून पाहत होती — सायेब, येक सांगायचं हुतं. सायेब, तुमी वर आलाच न्हाई. सायेब, म्या दिसभर बसले हुते... एकही धड वाटेना. प्रत्येक वाक्याच्या टोकाला हरिबा उभा होता. 'तुमी वर आलाच न्हाई' म्हणजे 'ह्येंनी तुम्हास्नी नेलंच न्हाई.' ते बोलल्याशिवाय हे बोलता येत नव्हतं.

साहेबाने दुसऱ्यांदा भात मागितला. मग तिसऱ्यांदा, थोडा संकोचून.

"आमच्याकडं ज्वारीची भाकरी," तो म्हणाला, "भात म्हणजे सणासुदीला. पण असा गोड भात नाही खाल्ला कुठं. कुठला हा?"

आणि हरिबाने मान वर केली. तिने त्याचा चेहरा पाहिला — त्यावर तोच शांत, दीनवाणा, बापाकडून आलेला भाव अलगद उतरला. खरं तर कौतुक करण्यासारखी गोष्ट होती ती. एवढ्या सहजपणे कोणी श्वाससुद्धा घेत नाही.

"भोरच्या बाजारातला, सायेब," तो म्हणाला. "आमच्यात कुठला असला तांदूळ? तुमी येनार म्हनून आनला."

तिच्या हातात भाताचं पातेलं होतं. ते गरम होतं, फडकं सरकून कड बोटाला लागत होती, पण तिला ते नंतर कळलं. आधी कळलं ते एवढंच की काहीतरी गेलं. लेव्हीवाल्यांनी न्यायच्या आधी, उंदरांनी खायच्या आधी, या माणसाने ते एका शब्दात नेऊन भोरच्या बाजारात ओतलं. ज्याने धोतर खोचून ढिगातला पहिला दगड पुन्हा उचलला, त्याने. ज्याच्या पायाच्या अंगठ्याचं नख त्या दगडाखाली गेलं आणि ते काळंनिळं बोट धरूनही जो म्हणाला होता, 'ही ताल आपुन मेल्यावर बी ऱ्हाईल गं.' तो हे बोलू शकतो. आणि बोलून शांतपणे ताकाची वाटी तोंडाला लावू शकतो. मग मी कोणाची वाट पाहत होते इतके दिवस? मला वाटत होतं की एक दिवस हाच म्हणेल. आज ना उद्या त्याच्याच तोंडून येईल, आणि मला काही बोलावं लागणार नाही...

"बाजारातला न्हाई त्यो," ती म्हणाली.

आपला आवाज तिला ओळखू आला नाही. तो मोठा नव्हता. नुसता स्वच्छ होता.

"वरल्या खाचरातला हाय. माज्या."

साहेबाचा घास हातात राहिला. हरिबा हसला, "आगं, काय बी बोलती," असं साहेबाकडे पाहूनच म्हणाला. कुंडलिक पानातली मिठाची चिमूट बोटाने पसरू लागला.

"कुठलं खाचर?" साहेबाने विचारलं.

"ज्ये पिकलं न्हाई म्हनून लिवलंय, त्ये."

साहेबाने घास खाल्ला. पानातला भात संपवला — टाकला नाही, हे तिच्या ध्यानात आलं — उठला, हात धुतले आणि ओट्यावर जाऊन बसला. बाकीचेही उठले. ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली. पट्टेवाल्याला काहीतरी बिनसल्याचा वास लागला आणि तो उगाच सामानाच्या तट्टाची दोरी सोडून पुन्हा बांधू लागला.

"बाई," साहेब म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात राग नव्हता, त्रास होता, "मी स्वतः पाहून गेलोय. यांनी ओंबी चोळून दाखवली. सगळं फोल. मग मी पाहिलं ते काय होतं?"

आता सगळे हरिबाकडे पाहत होते, न पाहता. तो स्वतःच्या तळहाताकडे पाहत होता. त्याच्या कानशिलावर घाम फुटला होता आणि मान खाली गेली होती, पण या वेळी ती रीतीने गेलेली नव्हती. एक वाक्य. तिने ते उच्चारलं की संपलं — तो, त्याचा बाप, वाडी जगवणारा तो हात, सगळं या ओट्यावर उघडं. सकाळपासून ती याच वाक्याला अडखळत होती. आणि आता ते समोर आलं तर तिला दिसलं की ते तिला नकोच आहे. तिला हरिबाचं काही काढून घ्यायचं नव्हतं. तिला फक्त तिचं ठेवायचं होतं.

"मागल्या खेपंला वाट चुकली, सायेब," ती म्हणाली. "हितं वाटा लई हायेत. चुकती मानसं."

हरिबाने वर पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

साहेब मूर्ख नव्हता. जांभळीकडे त्याने एकदा नजर टाकली, तिथून दिसणाऱ्या त्या शेताकडे टाकली, आणि तिला वाटलं याला सगळं समजलं — आणि समजल्यामुळेच तो आता आणखी अवघडला. त्याचंही लिहून झालं होतं. एक खाचर पिकलं म्हटलं तर बाकीची का नाही, आणि मग साहेबाच्या साहेबाने विचारलं की तू पाहायला गेला होतास की गूळ खायला...

"यात तुमचं नुकसान आहे का काही?" तो समजुतीने म्हणाला. "घेतलेले पैसे कोणी मागत नाही. उलट पिकलं म्हणालात तर लेव्हीला नाव लागेल. माहीत आहे ना?"

"ठावं हाय."

"मग?"

मग. इतक्या दिवसांची वाक्यं होती तिच्यापाशी, चांगली लांबलचक, बापाची, मातीची, मानेची, बांधावर बसलेल्या त्या दिवसाची. आणि आत हात घातला तर त्यातलं एकही सापडेना. एवढंच सापडलं.

"पिकलंय म्हनून."

"वैनी," कुंडलिक हळूच म्हणाला. तिने ऐकलं नाही असं नाही. ऐकलं.

साहेबाने कागद मांडीवर घेतला. शाईची गादी उघडली. "मला उशीर होतोय, बाई. द्या अंगठा."

"आदी वर चला," ती म्हणाली. "धसकटं हायेत अजून. पेंड्याची उडवी हाय. तालीच्या कडंला हरबरा हिरवा हाय. बगा. मंग तुमी म्हनाल तितं अंगठा देते."

साहेबाने उताराकडे पाहिलं. ऊन चढलं होतं आणि चढण उभी होती. मग आपल्या बुटाकडे पाहिलं. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही, आणि त्याच्या उत्तरासाठी थांबायचं म्हणजे पुन्हा बांधावर बसून राहायचं हे तिला एकाएकी इतकं लख्ख कळलं की तिने पातेलं उंबऱ्याच्या आत ठेवलं, पदर खोचला आणि ओट्यावरून उतरली. सगळ्यांच्या मधून गेली. बापे बसलेले असताना अशी मधून ती आजवर कधी गेली नव्हती. कोणी पाय आखडून घेतले, कोणी नाही.

घरांच्या मागून वाट सुटते आणि लगेच वर लागते. भागूबाई दारात शेण सारवत होती, ती हात थांबवून पाहू लागली. उद्यापासून ही पाण्याला सोबत येईल का? कदाचित नाही. कुंडलिकच्या घरून तर नाहीच. हरिबा रात्री जेवेल का, बोलेल का, की तोंड भिंतीकडे करून पडेल... तिने हे सगळं एकेक करून मनात पुढे घेतलं, ओझं डोक्यावर घ्यायच्या आधी हाताने अंदाज घ्यावा तसं. जड होतं. पण उचलण्याजोगं होतं.

मागे खडी वाजली. कोणीतरी येत होतं. बूट की अनवाणी, एक की दोघं, हे तिला ओळखता आलं असतं. डोंगरातल्या बाईला ते ओळखायला कान द्यावा लागत नाही. तिने कान दिला नाही. साहेब असेल तर पाहील. हरिबा असेल तर — असेल तर असो, त्याचीही ताल आहे ती, त्याने यावं, पण आता तो आला म्हणून खाचर पिकेल आणि नाही आला म्हणून पिकायचं राहील, असं काही उरलं नव्हतं. आणि वाऱ्याने खडी हलली असेल तर तेही चालेल. ती चढत राहिली. छाती भरून येत होती, चढाने की कशाने कोण जाणे, आणि त्या धापेतच एक विचार तिच्या मनात आला, इतका उघड की ती क्षणभर वाटेत थबकली — लेव्हीवाले येतील ना, महिन्याने, दोन महिन्यांनी, चाळणी-काटा घेऊन जांभळीखाली टेकतील, कुठाय तुमचं भात म्हणून विचारतील... त्यांनाही मीच वर घेऊन येईन. माझं आहे म्हणेन. न्या, पण बघून न्या.

तिने भीतीची वाट पाहिली. ती यायला हवी होती आतापर्यंत.

आली नाही. ती पुढे चढू लागली.